गृहपाठाला वाचक हवा

१९१२च्या जानेवारीत अमेरिकेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी 'इंग्लिश जर्नल' नावाचे मासिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकातल्या पहिल्या लेखाचे शीर्षकच एक प्रश्न होता: आजच्या परिस्थितीत लेखन चांगले शिकवता येईल का? लेखक होते कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक एडविन हॉपकिन्स. उत्तर त्यांनी सुरुवातीलाच एका शब्दात देऊन टाकले: नाही. विद्यार्थी आळशी आहेत किंवा शिक्षक नालायक आहेत, अशी त्यांची तक्रार नव्हती. त्यांचा मुद्दा साध्या हिशेबाचा होता. एका शिक्षकाच्या पदरात इतकी मुले टाकली जातात, की प्रत्येकाचा निबंध नीट वाचायचा म्हटले तर माणसाची ताकद पुरी पडत नाही.

त्या लेखाला शंभरहून अधिक वर्षे झाली. लेखी गृहपाठाविषयी आज बोलणे निघाले की सगळे विद्यार्थ्याकडे बोट दाखवतात. तो स्वतः लिहितो का, कुणाचे उतरवून काढतो का, यंत्राकडून लिहून घेतो का, याचीच चर्चा होते. हॉपकिन्स यांनी बोट ठेवले होते ते दुसऱ्या बाजूवर, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. लेखी गृहपाठ हा दोघांचा व्यवहार आहे. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे. वाचणारा नाहीसा झाला की थोड्याच काळात लिहिणाराही नाहीसा होतो. मग उरतात ते कागद, सह्या आणि गुण.

हे म्हणणे तपासून पाहायला अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा अनुभव उपयोगी पडतो, कारण लेखन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवण्याचा एवढा मोठा आणि एवढा दीर्घ प्रयोग क्वचितच कुठे झाला असेल. तिथे बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी लेखनाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा असतो. बोलताना त्याला 'फ्रेशमन कॉम्प' म्हणतात. विद्यार्थ्याला पुढे इंजिनिअर व्हायचे असो, नर्स व्हायचे असो की हिशेबनीस, हा तास त्याला चुकत नाही. एका सत्रात चार-पाच निबंध, प्रत्येकाचे एक-दोन कच्चे खर्डे, त्यांवर चर्चा आणि पुनर्लेखन असा त्याचा साधारण आराखडा असतो.

याची सुरुवात हार्वर्डमध्ये झाली. १८७४पासून तिथल्या प्रवेश परीक्षेत लहानसा निबंध लिहावा लागू लागला आणि चांगल्या घरांतली, नामांकित शाळांतली मुलेही त्यात अडखळू लागली. १८८५च्या सुमारास ॲडम्स शर्मन हिल यांनी 'इंग्लिश ए' हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला आणला. त्यांचे सहकारी बॅरेट वेंडेल यांनी तर रोज एक पान लिहायची पद्धत रूढ केली. आज काय पाहिले, काय खटकले, कुठे थांबावेसे वाटले हे विद्यार्थ्याने रोज लिहायचे. कल्पना सुंदर होती. रोज लिहायचे आहे हे ठाऊक असलेला माणूस रोज डोळे उघडे ठेवून चालतो.

पण रोज लिहिलेले रोज कुणीतरी वाचायलाही हवे. मिशिगन विद्यापीठातले फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी १८९०च्या दशकात नोंदवून ठेवले आहे, की एका वर्षात त्यांनी तीन हजारांहून अधिक निबंध वाचले, आणि त्यांतले बहुतेक २१६ विद्यार्थ्यांच्या एकाच वर्गाचे होते. याच दशकात हार्वर्डच्या नियामक मंडळाने विद्यार्थ्यांचे लेखन तपासायला समिती नेमली. तिच्यात रेल्वे कंपनीचे माजी अध्यक्ष आणि इतिहासकार चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स होते, 'नेशन' साप्ताहिकाचे संपादक गॉडकिन होते. लेखन शिकवणारा कुणी नव्हता. समितीने शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना यांवरून मुले कच्ची ठरवली आणि दोष शाळांच्या माथी मारला. लेखन शिकवणे म्हणजे चुका काढणे, ही समजूत त्या काळात जी मुरली ती अजून पुरती उतरलेली नाही.

ही समजूत रुजली, कारण ती सोयीची होती. निबंधातली चूक शोधायला क्षण पुरतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की डोळा आपोआप अडतो आणि लाल शाईचा गोल उमटतो. निबंधातला विचार शोधायला मात्र थांबावे लागते. मुलाला काय म्हणायचे होते, तिसऱ्या परिच्छेदात ते कुठे निसटले, त्याने दिलेले उदाहरण त्याच्याच मुद्द्याच्या विरोधात कसे जाते, हे पाहायला वेळ लागतो. गठ्ठा मोठा झाला की शिक्षक भराभर वाचतो आणि भराभर वाचताना फक्त चुका दिसतात. विद्यार्थ्यालाही लवकरच कळते, की इथे चूक टाळणाऱ्याला गुण आहेत. मग तो धोका पत्करत नाही. ठरावीक प्रस्तावना, ठरावीक तीन मुद्दे आणि ठरावीक समारोप अशा पाच परिच्छेदांच्या साच्यात अमेरिकन मुले पिढ्यान्पिढ्या लिहीत आली ती यामुळे. आपल्याकडे छत्रीच्या आत्मवृत्तात छत्री नेहमी कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते आणि 'मी पंतप्रधान झालो तर' या निबंधातला प्रत्येक पंतप्रधान पहिल्याच दिवशी भ्रष्टाचार संपवतो, त्याचेही कारण हेच. मुलांची कल्पनाशक्ती आटलेली नसते. आपले वेगळे वाक्य कुणी वाचेल यावर त्यांचा विश्वास उरलेला नसतो.

नीट वाचल्यावर काय घडू शकते याचे सर्वांत मोलाचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९७०मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. कृष्णवर्णीयांची, पोर्तो रिकोहून आलेल्यांची, नाना देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने महाविद्यालयात आली. त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापकांनी ही मुले शिकण्याच्या लायकीचीच नाहीत असा निकाल दिला. सिटी कॉलेजातल्या मिना शॉनसी यांनी निकाल राखून ठेवला आणि सुमारे चार हजार निबंध वाचून काढले. त्यांतून १९७७मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक आले. या मुलांच्या चुका बेशिस्त नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मूल घरच्या बोलीचा नियम पाळत असते, किंवा नवा नियम अर्धवट उमगल्यामुळे तो जरा जास्तच लावत असते. तो तर्क शिक्षकाने ओळखला तर चूक हीच शिकवण्याची वाट बनते.

मराठी शिक्षकाला हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. एखादी मुलगी निबंधात 'पानी', 'लोनी', 'कोनी' असे लिहिते. घाईत तपासणारा दहा ठिकाणी दहा गोल करतो आणि मुलगी अशुद्ध ठरते. सावकाश वाचणाऱ्याला दिसते, की ही दहा वेळा झालेली एकच गोष्ट आहे. तिच्या घरी 'ण' उच्चारला जात नाही आणि ती कानाशी प्रामाणिक राहून लिहिते आहे. हीच मुलगी 'ण' शिकल्यावर एखादे दिवशी 'मन'चेही 'मण' करते. वरवर पाहता ही आणखी एक चूक आहे. खरे तर ती पुढे गेल्याची खूण आहे, कारण तिला नवा नियम सापडला आहे आणि त्याची हद्द सापडायची आहे. हे ओळखणाऱ्या शिक्षकाला तिच्याशी दोन मिनिटे बोलणे पुरते. न ओळखणारा तिला वर्षभर लाल शाईत बुडवतो आणि शेवटी ती लिहिणेच टाकते.

मात्र केवळ वाचले म्हणजे झाले, असेही नाही. कसे वाचले हे महत्त्वाचे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा इथल्या दोन विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या कच्च्या खर्ड्यांवर लिहिलेले शेरे तपासले. बरेचसे शेरे असे होते, की एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालले असते: अधिक स्पष्ट करा, विस्तार करा, नेमके लिहा. एकीकडे समासात 'हा परिच्छेद वाढवा' म्हटलेले आणि त्याच परिच्छेदातल्या वाक्यांचे स्वल्पविराम सुधारलेले. मूल बिचारे गोंधळते. हा परिच्छेद नव्याने लिहायचा आहे की फक्त पुसूनपासून घ्यायचा आहे? सॉमर्स यांना आणखी एक बोचरी गोष्ट आढळली. त्यांतला एक निबंध त्यांनी त्या काळच्या एका संगणकीय कार्यक्रमालाही दिला होता. त्या कार्यक्रमाची भाषा शांत आणि समजूतदार होती आणि बहुतेक शिक्षकांच्या शेऱ्यांत चिडचीड होती.

या अनुभवांतून तिथल्या जाणत्या शिक्षकांनी एक पद्धत घडवली. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले पत्रकार डोनाल्ड मरे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायला आले आणि त्यांनी आग्रह धरला, की तयार निबंध तपासण्यापेक्षा निबंध तयार होत असताना शिक्षकाने सोबत असावे. म्हणजे पहिला खर्डा गुणांसाठी घ्यायचा नाही. त्यावर एक-दोनच प्रश्न विचारायचे, आणि तेही फक्त त्याच निबंधाला लागू पडतील असे. वर्गमित्रांनी तो वाचायचा, शिक्षकाने दहा मिनिटे समोर बसवून बोलायचे, आणि मग दुसरा खर्डा. शुद्धलेखन शेवटी, कारण ज्या वाक्याला पुढच्या खर्ड्यात जागाच उरणार नाही त्याचे वेलांटी-उकार आज सुधारून काय साधणार?

गृहपाठाचा विषय देणे हेही या पद्धतीत एक कौशल्य मानले जाते. 'पाणी हेच जीवन' असा विषय दिला तर नक्कल केलेला निबंध येणारच, कारण त्यावर स्वतःचे सांगण्यासारखे कुणाकडे काही नसते. त्याऐवजी असे सांगून पाहावे: तुमच्या वस्तीत नळाला पाणी कोणत्या वेळी सोडायचे हे कोण ठरवते याचा शोध घ्या. ती वेळ सोयीची असलेल्या एका माणसाशी बोला आणि गैरसोयीची असलेल्या एकाशी बोला. मग वेळ बदलावी की नाही याबद्दल तुमचे मत दोन पानांत अशा रीतीने मांडा, की ते न पटणाऱ्यालाही विचार करावा लागेल. या विषयात माहिती आहे, मतभेद आहे आणि समोर एक खरा वाचक उभा आहे. तो उतरवून काढायला कुठे तयार मिळत नाही.

इतके सगळे कळूनही अमेरिकेत ते सर्वत्र घडत नाही, आणि कारण पुन्हा हॉपकिन्स यांचेच आहे. तिथल्या लेखनशिक्षकांच्या संघटनेची शिफारस आहे, की लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि एका सत्रात एका शिक्षकाकडे साठापेक्षा जास्त नसावेत. हिशेब करून पाहा. वीस विद्यार्थी, प्रत्येकी पाच निबंध, प्रत्येक निबंधाचे दोन खर्डे, म्हणजे दोनशे वाचने झाली. एका खर्ड्याला वीस मिनिटे धरली तर एका वर्गासाठी सुमारे ६७ तास होतात. चार वर्ग असतील तर २६७. हा विषय शिकवणाऱ्यांत अर्धवेळ, सत्रापुरते नेमलेले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले कित्येक दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करतात. जो विषय सर्वांसाठी आवश्यक म्हणून सक्तीचा केला, तो शिकवण्याचे काम व्यवस्थेने सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत असुरक्षित माणसांवर सोपवले. या विसंगतीची किंमत विद्यार्थी मोजतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. माणसाला इतका वेळ नसेल तर वाचायचे कामही यंत्राला द्यावे. ही कल्पना नवी नाही. एलिस पेज या शिक्षकाने १९६६मध्येच संगणकाने निबंध तपासण्याचा प्रस्ताव मांडला होता. पुढे मोठ्या परीक्षांत यंत्रे गुण देऊ लागली. तेव्हा एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी २०१४मध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीने एक कार्यक्रम तयार केला. तो जडजंबाल शब्दांचे निरर्थक निबंध क्षणात तयार करायचा आणि गुण देणारी यंत्रे त्यांना भरघोस गुण द्यायची. आजची यंत्रे त्यापेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत, हे मान्य करायला हवे. खटकणारे वाक्य ती दाखवतात, मुद्द्यातली फट दाखवतात, मध्यरात्रीही चिडत नाहीत. ज्या मुलाला घरी-दारी विचारायला कुणी नाही, त्याला ही मदत नाकारणे अन्यायाचे होईल.

तरीही ती वाचकाची जागा घेऊ शकत नाहीत, आणि याचे कारण त्यांच्या क्षमतेत नाही, लेखनाच्या स्वरूपात आहे. आपण लिहितो ते दुसऱ्या माणसाच्या मनात काहीतरी हलावे म्हणून. आपले म्हणणे पटले तर तो उद्या वेगळे वागेल, न पटले तर आपल्याला उलट उत्तर देईल, ही शक्यता लेखनाला वजन देते. वीस वर्षांच्या मुलीच्या निबंधामुळे तिच्या प्राध्यापकाचे एखाद्या प्रश्नावरचे मत बदलले आणि त्याने ते तिला सांगितले, तर तिला जे मिळते ते कोणत्याही अचूक शेऱ्यातून मिळणार नाही. आपल्या शब्दांना जगात जागा आहे, हे तिला कळते. लेखन शिकवण्याचा सगळा खटाटोप याच जाणिवेसाठी आहे.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा अनेक महाविद्यालयांनी वाचक वाढवण्याऐवजी पहारेकरी नेमले. निबंध यंत्राने लिहिला आहे का, हे ओळखणारी दुसरी यंत्रे विकत घेतली गेली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे ओळखयंत्र काढले होते. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये ते तिने मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक या यंत्रांनी संगणकाचे म्हणून ठरवले. शब्दसंग्रह मर्यादित, वाक्ये साधी, एवढाच त्या मुलांचा गुन्हा. पुण्या-नागपुरातून, सांगली-जळगावातून तिकडे शिकायला जाणाऱ्या आणि घासूनपुसून इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांवर हाच आळ येऊ शकतो. विद्यार्थ्याचे दोन खर्डे वाचलेल्या, त्याच्याशी दहा मिनिटे बोललेल्या शिक्षकाला अशा यंत्राची गरज भासत नाही. तो आवाज ओळखतो.

आता आपल्या घरात डोकावू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत भाषेचे क्षमता-वर्धन अभ्यासक्रम आले, अंतर्गत मूल्यमापनाचे महत्त्व वाढले आणि प्रत्येक विषयाला असाइनमेंट आली. कागदावर हे स्वागतार्ह आहे. तीन तासांच्या एका परीक्षेवर सारे भवितव्य टांगण्यापेक्षा सत्रभर लिहिते ठेवणे केव्हाही चांगले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी असे चालते, की सबमिशनच्या आदल्या रात्री गटावर एक पीडीएफ फिरते. शंभर मुले तीच फुलस्केपवर उतरवतात, किंवा नावाचे पान बदलून तिची झेरॉक्स काढतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर सही होते आणि गठ्ठा कपाटात जातो. या सगळ्यात विद्यार्थ्याला लबाड म्हणणे सोपे आहे. पण वाचले जाणार नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने रात्र जागून विचार का करावा? आणि शिक्षकाला तरी दोष कसा द्यावा? वर्षानुवर्षे पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. घरी बसून वाचलेल्या गठ्ठ्याचे मोल कोणत्याही बिलात येत नाही.

वाचक मिळाला तर विद्यार्थ्याच्या निबंधात किती बळ येते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५मध्ये तो 'ज्ञानोदय'ने छापला. नुकतीच अक्षरे हाती आलेली ही मुलगी त्यात धर्मग्रंथांच्या मक्तेदारीला जाब विचारते, पेशवाईतल्या अत्याचारांची नोंद करते आणि आपल्या लोकांना शिकायला सांगते. बुद्धी आणि धाडस तिचे स्वतःचे होते. पण हे बोलावे अशी ज्यांची इच्छा होती असे शिक्षक तिला लाभले होते, आणि तिचे म्हणणे शाळेच्या भिंतीबाहेर नेणारे नियतकालिक होते. त्याच मुलीला आपला निबंध शुद्धलेखनाचे गोल करून परत मिळाला असता, तर मराठी गद्याच्या इतिहासातले एक मोलाचे पान कोरे राहिले असते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि ठोस आहेत. प्रत्येक विषयाला असाइनमेंट हा हट्ट सोडावा. सत्रात विद्यार्थ्याने एकच निबंध लिहावा, पण दोनदा लिहावा, आणि पहिला खर्डा वर्गातच, हाताने. १२० मुलांचा वर्ग असला आणि एका खर्ड्याला दहा मिनिटे दिली, तर एका फेरीला वीस तास लागतात, दोन फेऱ्यांना चाळीस. हे तास कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्यांचे पैसे मिळावेत. विषय त्या गावचे, त्या वर्गाचे असावेत. पहिल्या खर्ड्यावर गुण नसावेत, एक खरा प्रश्न असावा. प्रमाण भाषा जरूर शिकवावी, पण मुलाची बोली ही त्याची चूक नव्हे, हे समजून शिकवावी. वर्षअखेरीस निवडक निबंध महाविद्यालयाच्या वार्षिकात यावेत. आज ती पाने मान्यवरांच्या शुभेच्छांनी आणि स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांनी भरतात.

यावर खर्चाची सबब सांगितली जाईल. ती खरी मानली तर एक गोष्ट त्याहून स्वस्त आहे. जो गृहपाठ वाचायला माणूस नाही, तो देऊच नये. न वाचलेला गृहपाठ निरुपद्रवी नसतो. शब्द म्हणजे पाने भरण्याचे सामान आहे, असे तो वीस वर्षांच्या मुलांना शिकवतो, आणि अशी शिकलेली पिढी पुढे अहवाल, अर्ज, निकालपत्रे आणि बातम्या त्याच हाताने लिहिते. विद्यार्थ्याकडून प्रामाणिक लेखन मागण्याचा हक्क कोणत्याही संस्थेला नियमावलीतून मिळत नाही. तो प्रामाणिक वाचनातून कमवावा लागतो, आणि सुरुवात संस्थेनेच करायची असते.